शनिवारी चार वाजता खरं बोलायचं

१ जून १९९६, शनिवार
दिवसभर हॉटेलात मॅनेजमेंट सेमिनार. टायवाले सर म्हणाले, कंपनी बदलते ती खऱ्या नात्यांनी. तोंडावर खरं बोला, अवघड वाटू द्या. अवघड वाटलं नाही तर बदल नाही. हे मला सायकलवर अगरबत्ती विकायचो तेव्हापासून ठाऊक आहे, फक्त इंग्रजीत ठाऊक नव्हतं. मी विचारलं, मालकानेही ऐकायचं का? सर म्हणाले, मालकाने आधी. मी हसून मान डोलावली.
जेवण बेचव. पंचतारांकित म्हणे.

३ जून
केबिनचं दार काढून टाकलं. सुतार विचारतो, वाळवी लागली का अण्णा? म्हटलं, ट्रान्स्परन्सी. तो म्हणाला, सरी सरी, म्हणजे बरं बरं.
दर शनिवारी चार वाजता कॉफी, बोंडा आणि सत्य. ज्याला जे वाटेल ते मला तोंडावर सांगायचं.
सुब्बारावला सगळ्यात आधी सांगितलं. आमच्या दोघांत मिळून एक सायकल होती तेव्हापासून तो सुगंधाचं मिश्रण करतो, मी विकतो. त्याने विचारलं, अगदी खरं बोलायचं? म्हटलं, अगदी. नक्की ना अण्णा? नक्की. बराच वेळ कान खाजवत उभा राहिला.

८ जून
पहिला तास. बोंडे संपले, तोंडं उघडली नाहीत. शेवटी काड्या वळणाऱ्या बायकांची मुकादम चंपा म्हणाली, संडासाची कडी तुटलीय. शाब्बास! टाळ्या वाजवल्या.
माझे कान तिखट. नंतर भिंतीपलीकडे ती कुणाला तरी सांगत होती, कडीवर भागवलं बाई, मोठं बोलले असते तर घरी पोरांना काय घालू?
मोठं म्हणजे पगार. दिवाळीनंतर बघू.

१५ जून
गणपतीच्या सीझनसाठी नवा सुगंध मी स्वतः तयार केला. नाव 'राजवैभव'. शनिवारच्या तासाला मूठभर काड्या पेटवल्या. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. भारावले.
मग सुब्बाराव खोकत उठला. म्हणाला, अण्णा, रेनकोट जळल्यासारखा वास येतोय. मी म्हटलं, मला तर नाही येत. तो म्हणाला, तेच तर. तुम्हाला वासच येत नाही. मागे मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. तुम्ही मिश्रण केलं की मागून मी गुपचूप सुधारतो. इथे सगळ्यांना माहीत आहे.
सगळे जमिनीकडे बघत होते. सरांनी शिकवल्याप्रमाणे थँक्यू म्हणालो. खूप अवघड वाटलं. म्हणजे बदल सुरू झाला.
बोंड्याला चव नव्हती. हॉटेल बदलायचं.

१७ जून
सुब्बारावला बढती. शहराबाहेर के. आर. पुरमच्या गोडाऊनचा इनचार्ज. स्वतंत्र टेबल, पंखा. ही शिक्षा नव्हे, ही ग्रोथ. त्याने एवढंच विचारलं, मिश्रण कोण बघणार? म्हटलं, मी. त्याने माझ्या नाकाकडे बघितलं आणि बाटल्यांची पेटी माझ्यासमोर ठेवून गेला.

२२ जून
तास जबरदस्त यशस्वी! 'राजवैभव' एकमताने अप्रतिम. चंपा म्हणाली, देवानेसुद्धा असा वास कधी घेतला नसेल. अजिबात अवघड वाटलं नाही. नाती खरी होत चालली आहेत. संपूर्ण सीझन 'राजवैभव'वर काढायचा.

६ जुलै
बायका नाकाला पदर लावून काम करतात. चंपाला विचारलं, तर म्हणाली, स्वल्प धूळ आहे अण्णा.
एक गंमत. दार बंद असायचं तेव्हा बाहेरचं सगळं ऐकू यायचं. आता दारच नाही, तर काही ऐकू येत नाही. मी आत आलो की सगळे गप्प. शिस्त आली.
घरी सांबार पाणचट. बायकोचा, जमनाबाईचा हात बदललाय. खरं बोलायचं ठरलंय म्हणून तसं सांगितलं. तिने ताटलीत मीठ वाढून ठेवलं.

१० ऑगस्ट
चिकपेटेच्या बाजारातल्या हणमंतरावांनी हातगाडीवर घालून सगळा माल परत पाठवला. निरोप असा, अण्णा, माझ्या दुकानात आता गिऱ्हाईक नाक धरून दारातूनच भाव विचारतं.
कुणातरी स्पर्धकाचं काम. तासाला विचारलं, तर सगळे म्हणाले, स्पर्धकाचंच. एकही मतभेद नाही. अशी टीम मिळायला भाग्य लागतं.

२ सप्टेंबर
सुब्बाराव नोकरी सोडायचं सांगायला आला. होसूरला मुलाकडे चाललाय. म्हटलं, रागावून जाऊ नकोस. तो म्हणाला, राग नाही अण्णा, राग यायला समोर माणूस लागतो. मी खऱ्या नात्यांबद्दल सांगू लागलो, तर म्हणाला, एकदा बोललो ना.
जाताना हातात एक पुडा ठेवला. सायकलवर विकायचो तीच पहिली काडी, माझ्यासाठी मुद्दाम केलेली.
दुसरा माणूस बघायला हवा. नाक चांगलं असलेला. म्हणजे, मदतीला.

४ सप्टेंबर, संध्याकाळ
जमनाबाई शेजारी हळदीकुंकवाला गेली. दुधाकडे लक्ष ठेवा म्हणाली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून सुब्बारावची काडी लावली. डोळे मिटले. काही नाही. दुसरी लावली. काही नाही. बिचाऱ्याचा हात गेला. वाईट वाटलं.
तेवढ्यात जमनाबाई ओरडत धावत आली. दूध जळून पातेल्याचा कोळसा झालेला. म्हणे, जळका वास गल्लीच्या टोकापर्यंत येतोय, तुम्ही इथेच बसला होतात ना? म्हटलं, विचारात होतो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग खिडक्या उघडल्या.
नंतर मागच्या भिंतीवरून शेजारणीला हळूच सांगत होती, एवढ्या जळक्या वासातसुद्धा ती काडी दरवळत होती गं अक्का, सायकलचे दिवस आठवले, रडूच आलं.
माझे कान तिखट.
शनिवारचा तास बंद. उद्या सुताराला बोलावून दार परत बसवून घ्यायचं.