चोविसावा आठवडा

७ फेब्रुवारी, शनिवार

आजपासून रोजनिशी. मोठे निर्णय लेखी घ्यावेत, म्हणजे नंतर घरात कुणाला "मी म्हटलं होतं" असं म्हणता येत नाही.

प्रकरण असं. लेकीला नोकरी लागली. इथून दोन दिवसांच्या प्रवासावर. जूनच्या मध्यावर जाणार. अण्णा, म्हणजे माझे वडील, तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते, ते ऑक्टोबरात गेले. त्या तीन वर्षांत हिने, म्हणजे बायकोने, घराचा उंबरा ओलांडला तो औषधं आणण्यापुरता. आता हिचं म्हणणं, लेक जायच्या आधी तिघांनी एक आठवडा कुठेतरी जाऊन राहावं. समुद्रापाशी. मैत्रिणीच्या ओळखीच्या एक बाई खोल्या भाड्याने देतात म्हणे.

मी म्हटलं, एक आठवडा हा संकुचित विचार झाला. टाइमशेअर घ्यावा. एकदाच पैसे भरायचे, मग पंचवीस वर्षं दरवर्षी एक आठवडा रिसॉर्टमधली खोली आपल्या हक्काची. ही म्हणाली, मला पंचवीस नकोत, एकच हवाय.

दूरदृष्टी हा गुण सगळ्यांत नसतो.

८ फेब्रुवारी, रविवार

आलेखाच्या कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे खर्च, उजवीकडे फायदा. भावनेला जागा ठेवलेली नाही. किंमत: माझे सात पगार. शिवाय दरवर्षी देखभाल. मी स्वतः लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत आहे, त्यामुळे देखभाल या शब्दाला मी भुलत नाही. उजवीकडे सध्या एकच नोंद: "विश्रांती (?)".

१० फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं प्रेझेंटेशन. जोडीने यायची अट. नव्वद मिनिटांचं सांगितलं, म्हणून अर्धी रजा टाकली होती. चार तास चाललं. पूर्ण रजा गेली.

टाय लावलेला एक गृहस्थ. दर तीन वाक्यांनी मला "तुमच्यासारखा विचारी माणूस" म्हणत होता. माणसं ओळखायची कला आहे त्याच्याकडे. मी एकतीस प्रश्न विचारले. एकोणिसाव्या प्रश्नाला ही सोफ्यावर झोपली. बसल्या बसल्या, पर्स मांडीवर धरून. टायवाला आवाज खाली आणून म्हणाला, "बघा, मॅडमना किती गरज आहे."

मी बघितलं. खरंच गाढ झोपली होती. तिला असं झोपलेलं पाहून कितीतरी दिवस झाले. जरा कसंतरी झालं. मग तीन मिनिटं थांबून विसावा प्रश्न विचारला.

सही केली नाही. भेट दिलेल्या एका थर्मासवर मला कुणी विकत घेऊ शकत नाही. थर्मास चांगला आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरी कंपनी. तुलना केल्याशिवाय निर्णय म्हणजे अडाणीपणा. शनिवारीही बोलवत होते, पण थर्मास फक्त कामाच्या दिवशी मिळतो. एक रजा. ही आली नाही, म्हणाली तिच्या वाटची झोप ती घरी घेईल. जोडीची अट होती म्हणून लेकीला नेलं. तिने तिथल्या विक्रीच्या बाईंना सरळ विचारलं, एवढ्या पैशांत साध्या हॉटेलात किती वर्षं राहता येईल? बाईंनी पाणी मागवलं. येताना लेकीला समजावलं की असे प्रश्न शेवटी विचारायचे असतात.

समुद्राच्या खोल्यांची बाई मार्चअखेर उत्तर मागते आहे. ही दोनदा म्हणाली. मी म्हटलं, अभ्यास सुरू आहे.

५ मार्च, गुरुवार

ऑफिसात लंबूने डोकं खाल्लं. लंबू म्हणजे आमचा सर्वांत उंच आणि सर्वांत जास्त रजा घेणारा मेकॅनिक. ह्या वर्षीची रजा मार्चातच संपवून बसला आहे आणि पुढच्या वर्षीच्या रजेतले दोन दिवस उसने मागतो. मी भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवलं. अठरा मेकॅनिक, अठरा ओळी, प्रत्येकाच्या नावापुढे बारा खुणा. घेतली रजा की खूण पुसायची. उसनी खूण नाही. नियम मीच केलेला आहे आणि सात वर्षांत एकदाही मोडलेला नाही.

लंबू म्हणाला, फळ्यावर तुमचं नाव कुठाय? मी म्हटलं, मी रजा घेतो कुठे?

१६ मार्च, सोमवार

तीन रजा काढून रिसॉर्ट प्रत्यक्ष पाहून आलो. एकटाच. तपासणीला कुटुंब नेत नाहीत.

पहिल्या दिवशी पोचताच लक्षात आलं, लिफ्टचा दरवाजा दुसऱ्या मजल्यावर अर्धा सेकंद उशिरा बंद होतो. राहवेना. तिथल्या देखभालवाल्याला गाठलं. बिचारा एकटा पडला होता. दोघांनी मिळून मशीन रूममध्ये दोन दिवस घालवले. दरवाजा आता मस्त आहे. त्याला पाळ्यांचं वेळापत्रकही लावून दिलं. मन शांत झालं. उजव्या रकान्यातलं प्रश्नचिन्ह खोडलं. विश्रांती मिळते, हे सिद्ध.

घरी आल्यावर हिने विचारलं, समुद्र कसा आहे?

समुद्र होता. वेगळा तपासला नाही.

३० मार्च, सोमवार

तिसरी कंपनी. अर्धी रजा. तिथे एका माणसाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे पाठवत राहिले. शेवटचा म्हणाला, ही किंमत फक्त आज. मला संताप आला. संतापलेल्या अवस्थेत ऑफिसला जाऊ नये म्हणून उरलेली अर्धीही टाकली आणि चालत घरी आलो. तिसरा थर्मास.

हिने सांगितलं, त्या बाईंनी खोल्या दुसऱ्या कुणाला दिल्या. मी म्हटलं, बघ, एका आठवड्याच्या भरवशावर बसणाऱ्यांचं हे असं होतं. ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली. बहुधा पटलं.

१० एप्रिल, शुक्रवार

मेव्हण्याकडे जाऊन आलो. त्याने टाइमशेअर नऊ वर्षांपूर्वीच घेतलाय. त्याचं गाव लांब, एक रजा. नऊ वर्षांत किती वेळा गेलात, विचारलं. दोनदा. पण तिसऱ्यांदा जायचा विचार पक्का आहे म्हणाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, तू घेत असशील तर माझाच घे, निम्म्यात देतो. लोकांना आपल्या हातातल्या गोष्टीची किंमत नसते. नवीनच घ्यावा.

२१ एप्रिल, मंगळवार

काल आणि आज रजा. घरी बसून तक्ता पूर्ण करायला एकाग्रता हवी. सगळे रकाने भरले. वयाचाही रकाना घातला. मी चोपन्न, शेवटच्या आठवड्याला अठ्ठ्याहत्तर. गुडघे धरून चालू. लिफ्ट आहेच.

सतत उठून येरझाऱ्या घातल्या. खुर्चीत बसवेना. खिडकी उघडली, बंद केली. स्वयंपाकघरात तीनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा हिने विचारलं, काय हवंय? काय हवंय ते आठवेना. लेक म्हणाली, बाबा, दोन दिवस घरी आहात तर आज संध्याकाळी तिघं फिरायला जाऊ. म्हटलं, तक्ता झाला की.

तक्ता संध्याकाळी सातला झाला. खर्च एकवीस मुद्दे, फायदे एकवीस मुद्दे. बरोबरी. थर्मास एकच धरावा की तीन, यावर घोडं अडलं आहे.

७ मे, गुरुवार

थर्मास तीन धरले. निर्णय झाला. पहिल्या कंपनीत जाऊन सही केली. एक रजा. टायवाल्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला. त्याचा हात ओलसर होता. आपल्याला वर्षातला चोविसावा आठवडा मिळाला. सहा जून ते तेरा जून, शनिवार ते शनिवार. लेक जायच्या बरोब्बर आधी. याला म्हणतात नियोजन. घरी येऊन सांगितलं तेव्हा ही हसली. खरं हसली. मला इतका आनंद झाला की मी लगेच तिला रद्द करण्याच्या अटी वाचून दाखवल्या.

१३ मे, बुधवार

चार दिवस झोप नाही. सात पगार. आज रजा टाकून सही रद्द करायला गेलो. त्यांच्या इमारतीसमोर उभा राहिलो. एक तास. रद्द केलं असतं तर हिला काय सांगितलं असतं? शेवटी आत गेलोच नाही. वाटेत हिच्यासाठी उन्हाची टोपी घेतली. मोठ्या कडांची. आवडली तिला.

१९ मे, मंगळवार

कर्जाच्या कागदांसाठी अर्धी रजा. काम झालं. आता फक्त आराम.

२८ मे, गुरुवार

आज सहा जूनच्या आठवड्यासाठी स्वतःचा रजेचा अर्ज लिहिला. सोमवार ते शुक्रवार, पाच दिवस. मग प्रथमच टेबलाच्या खणातल्या माझ्या जुन्या चिठ्ठ्या एकत्र काढल्या.

बेरीज चार वेळा केली. साडेअकरा.

शिल्लक अर्धा दिवस.

रात्री जेवताना कुणाला काही बोललो नाही. काहीतरी मार्ग निघेलच. मार्ग काढणं हेच माझं काम आहे.

१ जून, सोमवार

साहेबांकडे गेलो. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, अहो, तुम्हाला कधी नाही म्हणणार मी? पुढच्या वर्षातले दिवस धरा. शेजारी लंबू उभा होता, लिफ्टच्या चाव्या परत करायला आलेला. मला वाटलं, आता हा टोमणा मारणार. तर तो म्हणाला, "जा ना साहेब, आम्ही सांभाळतो. मुलगी चाललीय तुमची."

मी म्हटलं, नाही. नियम सगळ्यांना सारखा. फळ्यावर नाव नाही म्हणून मला वेगळा न्याय नको. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. लंबूही. केबिनमधून ताठ मानेने बाहेर आलो.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण वाचणारं कोण आहे. बाहेर आल्यावर मला हलकं वाटलं. सात दिवस, एक खोली, समोर समुद्र, आणि ह्या दोघी माझ्याकडे बघत बसणार. मी करायचं काय तिथे? बोलायचं काय? मशीन रूममध्ये तरी किती वेळ काढणार?

हे खोडायचं आहे.

३ जून, बुधवार

घरी सांगितलं. तत्त्वाचा प्रश्न आहे हे नीट समजावलं. लेकीने पूर्ण ऐकून घेतलं आणि उठून आपल्या खोलीत गेली. हिने माझ्या ताटात भाकरी वाढली. मग म्हणाली, बरं, आम्ही दोघी जातो. आदळआपट नाही, काही नाही. मी भांडणाची तयारी करून बसलो होतो. मुद्देसुद्धा काढले होते.

लेक परत येऊन बसल्यावर त्या दोघींचं जेवताना बरंच बोलणं चाललं होतं, गाड्या, तारखा वगैरे. मी रिसॉर्टच्या व्हाउचरवरची बारीक अक्षरं वाचत होतो.

६ जून, शनिवार

गेल्या. सकाळी नऊ वाजता टॅक्सी आली. सात दिवसांसाठी लेकीच्या दोन मोठ्या बॅगा आणि एक सॅक. बायकांचं पॅकिंग. फाटकापाशी लेक थांबली. टॅक्सीत बसेना. मला वाटलं, खोलीचं काही विचारायचंय, म्हणून चेक-इनची सगळी पद्धत पुन्हा सांगितली. व्हाउचरच्या झेरॉक्स दोन ठेव म्हटलं, एक पर्समध्ये, एक बॅगेत. तिने मान हलवली. मग वाकून नमस्कार केला. आठवड्याच्या सहलीला नमस्कार कसला करते, म्हणून मी हसलो.

९ जून, मंगळवार

उरलेली अर्धी रजा आज घेतली. घरात फिरलो. अण्णांच्या खोलीत गेलो, बाहेर आलो. लेकीच्या खोलीत गेलो. पुस्तकांचा कप्पा रिकामा. भिंतीवरचे फोटोही नाहीत. वाळूत फोटो कशाला नेले असतील.

संध्याकाळी फोन केला. लाटांमुळे नीट ऐकू येत नव्हतं. लिफ्टचा दरवाजा कसा चालतोय, विचारलं. खोली तळमजल्यावर मिळालीय म्हणाल्या.

१३ जून, शनिवार

ही दुपारी चारला आली. एकटी. रंग जरा रापलेला, चेहरा दहा वर्षांनी लहान. मी टॅक्सीत मागे डोकावून पाहिलं.

लेक तिकडूनच गेली. नोकरीवर दोन दिवस आधी बोलावलंय, आणि तिथल्या स्टेशनावरून तिला थेट गाडी. आज सकाळी साडेसहाची. मला दोनदा सांगितलं होतं म्हणे, जेवताना. मी हूं म्हणालो होतो.

हिने चपला काढल्या, पाणी प्यायली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "फाटकापाशी ती केवढा वेळ थांबली होती. तुम्ही काहीतरी म्हणाल म्हणून."

मी तासभर खुर्चीत बसलो. एकदाही उठलो नाही.

मग कागद घेतला. अजून चोवीस आठवडे आपल्या हक्काचे आहेत. पुढच्या वर्षीचा बारा जूनला सुरू होतो. मी पाच दिवस आत्ताच राखून ठेवतोय, फळ्यावर शेवटची ओळ माझ्या नावाची, सोमवारी पहिलं काम ते. लेकीला फोन लावला, तारीख टिपून ठेव म्हणायला. गाडीत होती. आवाज तुटत होता. ती म्हणाली, बाबा, नोकरीत पहिली दोन वर्षं सलग आठवडाभर रजा देत नाहीत. नियम आहे.

मी म्हटलं, बरोबर आहे. नियम पाळ.