माह्या जागी खाडा पडलाच नाही

प्रभूमध्ये प्रिय धाकटी बहीण बसंतीबाई, राहणार फुलसावंगी, हिले घाटंजीजवळच्या तांड्यावरून थोरली बहीण हंसाबाईचा सलाम, अन् तुह्या घरधन्यालेही सलाम, तो ऐकत असंन तं.

इकडे सारे खुशाल. माह्ये गुडघे सोडून. ते कधीच खुशाल नसतात, अन् त्याईले विचारणारंही कोणी नाही. तुह्यी साखर कशी आहे? जिलबी सोडली म्हणतेस, पण तुह्या गावाहून येणारे-जाणारे मले सारं सांगतात. हे सारं फोनवर बोलली असती, पण फोनवर तू मधातच बोलतेस अन् माह्या रागाची धार जाते. मले अक्षर येत नाही, म्हणून पत्र सून बबिता लिहून राह्यली. पत्रात जिची तक्रार आहे तीही बबिताच. काय करतं, दुपारच्या वक्ताले घरात लिहिणारं दुसरं माणूस सापडत नाही. म्या तिले आधीच सांगतलं, हात चालव, कान चालवू नको. (हसू नको. लिही.)

तं बाई, आमचे पास्टर सुनील नागपूरले प्रशिक्षणाले गेलते. माणूस भला, आवाज गोड, प्रार्थना लांब. आल्यावर रविवारच्या उपासनेत म्हणे, मंडळीत पुढारी तयार झाले पाहिजेत, पगारी असो का सेवाभावी. कपाशी पेरल्यावर जिथं बी उगवत नाही तिथं खाडा पडते, अन् शहाणा शेतकरी ते खाडे भरायले पिशव्याईत रोपं तयार ठेवते. तसं प्रत्येक पुढाऱ्यानं आपल्या मागं एक रोप तयार ठेवावं. एवढं बोलून त्याईनं कोणाकडं पायलं असंन? माह्याकडं! भर मंडळीत! अवं, मी उभं झाड आहो, बोंडं लागलेलं. खाडा पडला कुठं? महिला संगतीची पुढारी मी तवापासून आहो, जवा या पास्टरले नाक पुसता येत नव्हतं, अन् चर्चवर टिनाच्या जागी पळसाचा मांडव होता.

आपल्या बापाच्या तांड्यात एक नायक होता, एक कारभारी होता, अन् बाकीचे लोक होते. आता मंडळीत सारेच पुढारी झाले, लोक कोणीच राह्यले नाहीत. चर्चच्या दारावर उभं राहून येणाऱ्याईले सलाम करणारे नेमसिंग, त्याईनं रोप म्हणून आपल्या सख्ख्या भावाले, पूनमसिंगले, निवडलं. तो नेमसिंगपेक्षा म्हातारा, अन् कानानं अधू. असं रोप कोणत्या रोपवाटिकेत भेटते ते पास्टरलेच ठाऊक. मारोती हा आमच्या मंडळीचा एकुलता पगारी माणूस, झाडझूड करणारा. त्याले सांगतलं, तू स्वच्छतेचा पुढारी. तवापासून तो झाडू धरत नाही, रोप घडवते. म्हणजे कडुनिंबाखाली बसून बायकोले झाडतांना पायते, अन् म्हणते, शाबास संगीता. इतकं कमी होतं म्हणून पास्टर म्हणे, रोपानंही आपलं एक रोप निवडावं. (बबिता, हे मोठ्या अक्षरात लिही.)

म्या बबिताले निवडलं. काहून? कारण ती कधी तोंडच उघडत नाही. लग्न होऊन आली तवापासून मले आईच्या जागी मानून 'हो याडी' अन् 'नाही याडी', याच्यापुढं गाडी नाही. मले वाटलं, रोपही झालं अन् धोकाही नाही. पास्टर खूश, मीही खूश. यात कपट काय? आमदार लोकही असंच करतात, त्याईले कोणी काही म्हणत नाही. (थांबली काहून? लिही, खरं आहे ते. तुह्या तोंडावरच सांगून राह्यली ना?)

मंग आला हंगामाचा सण. उपासनेनंतर प्रीतिभोजन, साऱ्या मंडळीनं एकत्र बसून जेवायचं. दरवर्षी चुलीपाशी मी उभी असते. यंदा पास्टर म्हणे, हंसामावशी, तुम्ही खुर्चीवर बसा, हात लावू नका अन् तोंडही घालू नका. ज्याच्यावाचून काम होते तोच खरा पुढारी. प्लॅस्टिकची खुर्ची देऊन मले सावलीत बसवलं. नुसता हार घालायचा राह्यला होता. अन् समोर पाहते तं काय! भाजीच्या पुढाऱ्यानं रोपाले सांगतलं, रोपानं आपल्या रोपाले सांगतलं, अन् ते रोप बैलं पाण्यावर घेऊन गेलतं. लसूण तसाच, चूल थंडी, डाळ पाण्यात, लेकरं ताटल्या वाजवून राह्यलेले, अन् सारे पुढारी एकमेकाले प्रोत्साहन देऊन राह्यलेले. मी दोनदा उठाले गेली, दोनदा पास्टरनं डोळ्यानंच बसवलं.

तवा बबिता उठली. पदर खोचला अन् ओरडली, "पूनमकाका, ऐकू येत नाही पण दिसते ना, लसूण सोला! मारोतीभाऊ, चुलीत काय आता गाणं घालता? लाकडं आणा! अन् पास्टर, तुमच्या हाताले मेंदी लागली का? पाणी भरा!" पास्टर बादली घेऊन पळाले. बसंती, मले घाम फुटला. काहून का ते सारे शब्द माह्ये होते! चुलीपाशी उठता-बसता मी तिले जे म्हणते, ते जसंच्या तसं, त्याच सुरात, कमरेवर हातही तसाच. इतके वर्ष ही 'हो याडी' म्हणून राह्यली अन् आतमधी सारं जमा करून राह्यली! मी रागवत होती, अन् ही प्रशिक्षण घेत होती! नागपूरले न जाता!

अन् जेवण झालं. चांगलं झालं. वांग्याची भाजी म्या खोट काढाले दोनदा घेतली, खोट निघाली नाही. सारी मंडळी पोटभर जेवली, अन् कोणी म्हणलं नाही की हंसाबाई कुठं आहे. एक जण तं माह्या खुर्चीच्या पाठीवर ओला दुपट्टा वाळू घालून गेला, मी बसली असतांना! काम बिघडलं असतं तं पास्टरले म्या केव्हाचंच माफ केलं असतं. ते बिघडलं नाही, हा माहा राग आहे.

आता तुमच्या फुलसावंगीच्या महिला मेळाव्यात आमच्या मंडळीकडून साक्ष द्यायले, प्रभूनं आपलं काय भलं केलं ते साऱ्याईपुढं सांगाले, यंदा बबिता उभी राहणार म्हणे. दरवर्षी कोण उभी राहते? म्या पास्टरले सांगतलं, मी येतच नाही. साऱ्या मंडळीले माह्यावाचून चालते, तं मेळाव्यालेही चालंन. अन् मले राग आला असं कोणी म्हणू नये, माह्ये गुडघे दुखतात म्हणून येत नाही. (पाह्य, मेली पुन्हा हसून राह्यली.)

तब्येतीले जपजो. जिलबी खायचीच असंन तं लपून खाऊ नको, पाप दुप्पट होते. प्रभू तुह्यं भलं करो.

तुह्यी थोरली बहीण,
हंसाबाई (खाली अंगठा)

ता. क. बबिता, इथून पुढं तू ऐकू नको, नुसतं लिही. बसंती, ही आपल्या माणसाईवर ओरडते, पण परक्या लोकाईपुढं माइक हातात आला की पदराचं टोक चावत राहते. साक्षीचं ठरल्यापासून अर्धी भाकर ताटात ठेवून उठते. तू पुढच्या सतरंजीवर बसजो, अन् ती अडकली की मोठ्यानं 'आमेन' म्हणजो. लोकाईले वाटलं पाहिजे, ती आमेनसाठीच थांबली.

ता. क. दुसरं. मले मागं, खांबाआड एक जागा धरून ठेवजो. मी मागच्या गाडीनं येईन, तोंडावर पदर घेऊन. बबिताले हे अजिबात कळू देऊ नको.

ता. क. तिसरं. (हे याडीनं सांगतलेलं नाही. ती कोंबड्या हाकलाले उठली, म्हणून मी बबिता लिहून राह्यली.) मावशी, सलाम. मले काहीच कळलं नाही, म्या नुसतं लिहिलं. पण खांबाआडची जागा धरू नका. याडीले अगदी माह्यापुढं बसवा. ती तोंड वाकडं करून समोर बसली की मंगच मले बोलणं सुचते.