खड्ड्यात उतरून घेतलेला निर्णय

तीर्थरूप लोर्नाताईस,

धाकट्या डेल्बर्टचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी मी प्लॅट नदीकाठच्या चिखलात आठही अंगांनी पालथा पडलो होतो, आणि तोंड नेमकं तुझ्या गावाकडे होतं. तोच नमस्कार पोचला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? मायलो भाऊजींच्या कानातलं नवं यंत्र नीट चालतंय, की अजून तू काही काम सांगितलंस की बंद पडतं? आम्ही दोघं खुशाल आहोत. म्हणजे आर्डिथ खुशाल आहे आणि मला सर्दी आहे. ती कशी झाली ते सविस्तर लिहितो, कारण गावात ती गोष्ट आता चर्चच्या पायरीवर सांगितली जाते आणि दर रविवारी खड्डा फूटभर खोल होतो.

तुला माहीतच आहे, टेकडीवरचं जुनं घर आम्ही विकलं, नदीजवळ सपाट जागा घेतली आणि तोवर औषधांच्या दुकानावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत राहतोय. घर बांधणारा व्हर्लिन स्टारा नकाशाची गुंडाळी घेऊन आला, टेबलाशी बसला आणि पहिलाच प्रश्न त्याने विचारला, तळघर हवं का? मी 'हो' म्हणालो आणि आर्डिथ 'नाही' म्हणाली, दोन्ही एकाच श्वासात. व्हर्लिन हा शहाणा माणूस. त्याने दोघांकडेही न बघता ताटलीतला जर्दाळूचा कोलाचे, म्हणजे आर्डिथने भाजलेला गोड पाव, उचलला. मग आणखी एक. आमचा वाद संपेपर्यंत त्याने सहा खाल्ले, आणि जाताना दारात एवढंच म्हणाला, "तिथं सहा फुटांवर पाणी लागतं, डेल."

पण मी ऐकतो होय? आपल्या आजोबांनी नेब्रास्कात आल्यावर आधी तळघर खणलं आणि मग त्यावर घर ठेवलं, हे मी आर्डिथला चौदा वेळा ऐकवलं. बिनतळघराचं घर म्हणजे बिनमुळाचं झाड, असंही म्हणालो. (हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते न्हाव्यालाही ऐकवलं.) बटाटे कुठं ठेवायचे, असं विचारलं. ती म्हणाली, "दुकानात. आजही तिथंच असतात." शेवटी मी हुकमाचं पान टाकलं, टोर्नेडो! सायरन वाजला तर जीव वाचवायला कुठं जायचं?

"डेल," ती शांतपणे म्हणाली, "सायरन वाजल्यावर तू एकदा तरी तळघरात गेलायस का? तू अंगणात जातोस. हात कमरेवर ठेवून आभाळाकडे बघतोस. खाली मी एकटी असते, तू कोरलेल्या लाकडी बदकांबरोबर."

आता हे खरं असलं, तरी वादात असं खरं बोलायचं नसतं. मी चिडलो आणि ठरवलं, पुरावाच द्यायचा. शनिवारी सकाळी आर्डिथला सांगितलं की चर्चच्या सभागृहात टेबलं मांडायला जातोय, आणि भाड्याने खोदाईचं यंत्र घेऊन थेट जागेवर गेलो. ताई, तीन फूट झाले, माती कोरडी. चार फूट, कोरडी. पाच फुटांवर तर मी यंत्रात बसल्या बसल्या व्हर्लिनला सुनवायचं भाषण तयार केलं. सहा फूट होत आले तेव्हा कोरड्या मातीची मूठभर खूण घरी न्यावी म्हणून कॉफीचा रिकामा डबा घेऊन मी खड्ड्यात उतरलो. (फोन यंत्राच्या सीटवरच ठेवला. हरवू नये म्हणून.) तळाशी पाऊल ठेवलं आणि डबा खुपसला, तर डब्यात माती आलीच नाही, गार पाणी आलं. मग बुटात आलं. वर चढायला लागलो तेव्हा उताराची कड ढासळली आणि मी तुला तो वर सांगितलेला नमस्कार घातला. पुन्हा चढलो, पुन्हा घसरलो. पाचव्या वेळी एक बूट खालीच राहिला, तो अजून तिथंच आहे. नवं घर त्याच्यावरच उभं राहील.

दीड तासाने व्हर्लिन घराच्या आखणीच्या खुंट्या मारायला आला. खड्ड्याच्या काठावर उभा राहून त्याने खाली वाकून पाहिलं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं.

"टेबलं मांडून झाली?" त्याने विचारलं.

म्हणजे तो आर्डिथला भेटूनच आला होता. भेटून कसला, घेऊनच आला होता! शिडी आणायला तो परत गेला आणि आर्डिथने गाडीतून घडीची खुर्ची काढली, काठापासून जरा लांब मांडली आणि माझ्यासमोर बसली. मी म्हटलं, ओरडून घे एकदाचं. ती ओरडली नाही.

"जिन्याने माझे गुडघे दुखतात म्हणून तळघर नको म्हणतेय, असंच वाटतं ना तुला?" ती म्हणाली. "एकतीस वर्षं तू खाली बदकं कोरत बसलास आणि मी वर फरशीशी बोलले, डेल. जेवण तयार झालं की एकदा टाच आपटायची, फोन आला की दोनदा, पाहुणे आले की तीनदा. माझे बाबा गेल्याचा फोन आला, त्याला किती वेळा आपटायची ते आपलं ठरलंच नव्हतं. म्हणून मी खाली आले. तू मान वर न करता म्हणालास, 'एक मिनिट, रंग वाळतोय.'"

ताई, मला ते आठवतच नव्हतं. बदक आठवत होतं. हिरव्या डोक्याचा नर होता, चोच थोडी वाकडी झालेली. एरवी असं काही निघालं की मी 'येतो जरा' म्हणून खाली सटकायचो. त्या दिवशी सटकता येईना, कारण मी आधीच खाली होतो. मग तिथंच उभा राहिलो, एका बुटावर, आणि पहिल्यांदा तिचं सगळं ऐकलं. माफी मागितली. दात वाजत होते म्हणून ती तीनदा मागावी लागली.

शिडीवरून वर आल्यावर मी जमेल तेवढ्या रुबाबात व्हर्लिनला म्हणालो, "नकाशातून तळघर काढून टाक."

"कुठलं तळघर?" तो म्हणाला. "मी ते आखलंच नव्हतं."

तर असा हा निर्णय पूर्णपणे माझा आणि पूर्ण विचारांती झालेला आहे. घराच्या मधोमध जाड काँक्रीटची एक चिमुकली खोली होईल, वादळात दोन खुर्च्या चिकटवून बसण्यापुरती. बदकं कोरायला स्वयंपाकघराच्या खिडकीशी टेबल मिळणार आहे. भुसा सूपच्या वाडग्यात पडेल, तो आर्डिथने आधीच माफ केलाय. खड्ड्यातून वर आलो तो वेगळाच माणूस, ताई. आता मी संध्याकाळभर तिच्यासमोर बसतो आणि आम्ही बोलतो. जमिनीखाली तोंड लपवण्याची मला गरजच उरलेली नाही.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
डेल्बर्ट

ता. क. तुमच्या तळघराचा उत्तरेकडचा कोपरा रिकामा आहे, असं भाऊजी बोलता बोलता म्हणाले होते. माझी दोनशे चाळीस बदकं आणि एक लहानसं टेबल (आठ फूट बाय चार) तिथं मावेल का? मंगळवारी आणि गुरुवारी मी गुपचूप मागच्या दाराने येईन, तुम्हाला कळणारसुद्धा नाही. आर्डिथला यातलं काही लिहू नकोस.

ता. ता. क. वन्सं, मी आर्डिथ. पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याकडेच दिलंय, आणि पाकीट चिकटवायला विसरलेत. कोपरा जरूर द्या. शनिवारही द्या. गेले तीन आठवडे हा माणूस माझ्यासमोर बसून अखंड बोलतोय. काल विजेच्या बिलावर एक तास झाला, त्याआधी शेजाऱ्यांच्या गवतावर. फक्त, हे मी सांगितलं असं त्याला बोलू नका. नाहीतर म्हणेल, 'मग तूही चल, सोबत होईल.'