दत्तोबा भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर

मु. भोकरवाडी, ता. मावळ
दि. ४ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार

अंबूला नंदाचा रामराम. तुझ्या मालकांना, दत्तोबा भाऊंना, वाकून नमस्कार सांग. हितं सगळी बरी हाएत. म्हस गाभण हाय, माझे गुडघे दुखत्यात, भाताची लावणी उरकली आणि रोप बी चांगलं उभं राहिलंय. तुमची खुशाली कळवा असं लिहायची रीत हाय, पण तू एकोणीस वर्षांत कळवली न्हाईस, तवा तू बरी असशील असं धरूनच मी चालते.

अक्षर ओळखलंस का? मीच लिहितेय. माझी सून सविता, आपल्या आदिनाथची बायको, म्हणली, आत्या, मी लिहून देते, न्हाईतर सरळ फोन लावून देते. मी म्हणलं नको. मागं एकदा लावलता, तू 'कोण' म्हणलीस, मी 'नंदा' म्हणलं, आणि फोन बंद झाला. कागद तसा बंद करता येत न्हाई. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच. तू चवथीपर्यंत गेलीस, मी दुसरीतनं बकऱ्यांमागं गेले, म्हणून चुका काढत बसू नकोस. तीन दिवस झाले लिहितेय. दुपारी भांडी घासली की बसते.

आता गोड बातमी. आपल्या ओढ्यावर साकव मंजूर झाला. लाकडाचा न्हाई गं, सिमेंटचा, दोन्ही अंगाला कठडा असलेला. माणूस जाईल, गुरं जातील, फटफटी बी जाईल. आपल्या भोकरवाडीचं नाव विधानसभेत छापून आलं. आपल्या आमदारांनी मंत्र्यांना लेखी प्रश्न घातला आणि मंत्र्यांनी लेखी उत्तर दिलं. सवितानं कामशेतला जाऊन त्याच्या झेरॉक्स काढून आणल्या, एक माझ्या देवघरात हाय. मी ती रोज वाचते. आता पाठच झालीय, तुला लिहून दाखवते.

"मौजे भोकरवाडी येथील ओढ्यावर साकव नसल्याने विद्यार्थी व ग्रामस्थांना पाण्यातून ये-जा करावी लागते, हे खरे आहे काय?" आणि खाली उत्तर, "होय, हे खरे आहे." मग दोन नंबरला, मंजुरी दिलेली असून पावसाळ्यानंतर काम सुरू करण्याचे नियोजन आहे. तीन नंबरला विचारलंय, नसल्यास विलंबाची कारणे काय, तर म्हणे "प्रश्न उद्भवत नाही." ते 'उद्भवत नाही' बी ह्या वेळी मला गोड लागलं.

तुला ते गोड लागणार न्हाई, मला ठाऊक हाय. थांब, फाडू नकोस.

हे सगळं सवितानं केलं. ती हितल्या अंगणवाडीत असते. पोरं खांद्यावर घेऊन ओढ्यातनं नेतानाचे फोटो तिनं मोबाईलमध्ये काढले, अर्ज लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, आमदारांकडं नेऊन दिला. मला म्हणली, आत्या, तुमी अंगठा का करताय, सही येते ना तुमाला. मग मी सही केली. लग्नात रुखवताच्या पाटीवर तू माझ्याकडनं नाव गिरवून घेतलंतंस, तीच सही.

ह्या पावसाळ्यात ओढ्याकडं बघितलं की मला आपण दोघी दिसतो. एकाच गावच्या लेकी, एकाच वर्षी ह्या वाडीत सुना म्हणून आलो. ओढ्याला पाणी चढलं की बाकीच्या बाया गड्यांचा हात धरायच्या, आपण मात्र पदराला पदर बांधायचो. गाठ तू मारायचीस. माझी गाठ सैल राहते म्हणायचीस. मग तू पुढं, मी मागं, डोक्यावर करवंदाच्या पाट्या. एकदा मधेच माझा पाय सरकला, तर तू पाटी सोडलीस पण पदर सोडला न्हाईस. तुझी सगळी करवंदं वाहून गेली, रिकामी पाटी तेवढी खडकाला अडकली, आणि आपण पलीकडं दगडावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. मग माझ्या पाटीतली निम्मी तुझ्या पाटीत घातली, कामशेतला गाडी धरली आणि लोणावळ्याच्या फलाटावर पळसाच्या पानाचे द्रोण करून इकली. तिथं एका बाईनं विचारलं, तुमी बहिणी का? तू म्हणलीस, व्हय, सख्ख्या. खोटं बोलताना तुझं तोंड कसं सरळ राहायचं, मला कधी कळलं न्हाई. माझं तर लगेच लाल व्हायचं.

व्हायचं खरं. एकदा झालं न्हाई.

आता जूनमधली गंमत ऐक. प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी सरकारचा माणूस जागा बघायला येतो. ह्या वेळी बाई आली, तरणी, इंजिनिअर, पायात पांढरे बूट. ओढ्याला मांडीइतकं पाणी. सविता म्हणली, मॅडम, हितनंच फोटो घ्या. मी मधी पडले. म्हणलं, न्हाई बाई, बूट काढा आणि पाण्यात उतरा. सविता माझ्याकडं बघतच राहिली, पावण्याला कुणी असं बोलतं का. ती बाई चांगली निघाली. बूट काढले, हातात घेतले. मी तिच्या ओढणीला माझा पदर बांधला. गाठ दोनदा घट्ट केली, तुझी आठवण काढून. मधोमध गेल्यावर ती म्हणली, आजी, सोडू नका हं. म्हणलं, सोडत न्हाई, पण तुमी लिहिणार ना, पूल न्हाई म्हणून? तिनं वाडीच्या काठाला आल्यावर दगडावर बसून, भिजल्या कपड्यानं लिहिलं. लिहून झाल्यावर मी च्या टाकला. आधी न्हाई.

आता तू म्हणशील, नंदा एवढी कठोर कधीपासनं झाली. तेच सांगायला हे पत्र हाय. तीन दिवस तेवढंच लिहायचं राहिलंय.

मोठ्या पुरात आपला जुना लाकडी साकव गेला, त्याच्या पुढचं साल आठव. दत्तोबा भाऊ एकटे अर्ज घेऊन फिरले. कामशेतला किती खेपा घातल्या, तुला माझ्याहून जास्त ठाऊक. त्यांनीच तवाच्या आमदारांकडनं प्रश्न घालून घेतला. मग बघायला साहेब येणार म्हणून निरोप आला. त्या दिवशी भाऊ सकाळपासनं कामशेत फाट्यावर साहेबाची वाट बघत उभे, आणि साहेबाची जीप आली दुसऱ्याच रस्त्यानं. तू आणि समदी वाडी वरच्या खाचरात लावणीला. घरात मी आणि आमचे हे, दोघंच.

जीपवाल्याच्या हाकाऱ्यानं कळलं, साहेब पलीकडच्या काठाला आलेत. मी चुलीवर पोहे टाकलेले. बघते तर त्यांच्या पायात कोरे काळे बूट, आणि ओढा वाहतोय. मला मेलीला वाटलं, आपल्या दारी एवढा मोठा माणूस येतोय, तो काय वल्ल्या पायानं येणार? आढ्यासाठी आणलेले जांभळीचे दोन ओंडके अंगणात पडलेले. मी ह्यांना म्हणलं, बैल जुंपा. हे म्हणले, अगं, साहेब पूल न्हाई ते बघायला आलाय. मी म्हणलं, मग काय पाण्यातनं आणू त्याला? तुमाला काय रीतभात हाय का न्हाई. ओंडके ओढ्यावर टाकले, वर फळी टाकली, फळीवर माती बी टाकली, बूट घसरू नयेत म्हणून.

साहेबानं एक पाय ठेवला आणि थांबला. म्हणला, बाई, हा वापरात आहे ना? त्याला भ्या वाटत होतं गं. त्याचं भ्या जावं म्हणून मी म्हणलं, "व्हय साहेब, रोज येतो-जातो आमी ह्याच्यावरनं, बिनघोर या."

तो आला, पोहे खाल्ले, पोहे चांगले झालेत म्हणला, कागदावर लिहिलं आणि गेला. मी दिवसभर खुशीत. साहेबाचे बूट कोरडे गेले, एवढंच माझ्या डोक्यात. सांजच्याला पाऊस झाला, पाणी चढलं आणि ओंडके, फळी सगळं वाहून गेलं. दत्तोबा भाऊ फाट्यावरनं चिंब होऊन आले तवा ओढा मोकळा होता. त्यांनी ते ओंडके डोळ्यांनी बी बघितले न्हाईत.

मग हिवाळ्यात उत्तर आलं. हे खरे नाही. सदर ठिकाणी लाकडी साकव अस्तित्वात असून तो वापरात असल्याचे स्थानिक ग्रामस्थांनी सांगितले आहे. पुढचा प्रश्न उद्भवत नाही.

भाऊ खोटे पडले. आमदारांच्या माणसानं भर बाजारात ऐकवलं, तुमच्यापायी आमदार साहेबांना मान खाली घालावी लागली. वाडीत चेष्टा झाली. भाऊ दिसले की पोरं विचारायची, दत्तोबा आबा, आज शनवार हाय, हे खरे आहे काय? भाऊ खाली बघून जायचे. देवळात बसायचे बंद झाले. मग कैलासला नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत काम लागलं आणि तुमी त्याच्याकडं निघून गेलात. लोक म्हणले, पोराकडं गेले. तू आणि मी जाणतो कशापायी गेले.

जायच्या आदल्या दिवशी तू माझ्या ओट्यावर येऊन बसलीस. तू विचारलंस, "नंदे, कोण असंल गं तो ग्रामस्थ?"

मी म्हणलं, "काय ठाऊक."

तूर निवडत होते मी. खाली मान घालून निवडत राहिले. तू माझ्या तोंडाकडं किती वेळ बघत होतीस. ते लाल झालं न्हाई म्हणून तू उठून गेलीस, का तुला कळलं म्हणून गेलीस, हे मला आजपर्यंत समजलं न्हाई. फोन बंद केलास त्या दिवशी वाटलं, कळलंय.

अंबू, तो स्थानिक ग्रामस्थ मीच.

आमचे हे लय वेळा म्हणले, नंदा, जाऊन सांगून येऊ. मीच नको म्हणत गेले. भाताचं होऊ द्या, आदिनाथचं लग्न होऊ द्या, बाळंतपण होऊ द्या. तीन वर्षांमागं हे गेले. जाताना बी म्हणले, दत्तूला सांग. आता ते ठाऊक असलेली मी एकटीच राहिले. मी गेले असते तर भाऊ कायमचे खोटेच राहिले असते.

चार दिवसांमागं देवळापुढं सभा झाली. पवन, आपला नवा सरपंच, त्यानं नवं उत्तर वाचलं, पेढे वाटले. मग कुठल्या तरी फायलीतलं जुनं उत्तर बी काढून वाचलं आणि म्हणला, मग तवा ते खरं का आता हे खरं, दत्तोबा आबांनाच विचारायला पायजे. सगळी हसली. कुणी वाईट मनानं न्हाई हसलं, पण हसली. माझ्या हातात पेढा. उठून बोलायचं होतं. सविता शेजारी होती, हळूच म्हणली, आत्या, हा स्थानिक ग्रामस्थ कोण असंल हो? तुझाच प्रश्न, तुझ्याच आवाजात आल्यासारखा. पेढा तसाच घरी आणला. मुंग्यांनी खाल्ला.

घरी येऊन मी सविताला सगळं सांगितलं. ती रागावली न्हाई. म्हणली, मग त्या मॅडमला पाण्यातनं का नेलं ते आता कळलं. आणि म्हणली, पण आत्या, हे मला सांगून काय उपयोग.

म्हणून लिहितेय. हे पत्र आधी तू वाच, मग दत्तोबा भाऊंना मोठ्यानं वाचून दाखव. त्यांना आधी कळलं पायजे, वाडीला मागनं. दसऱ्याला ओढ्यावर नारळ फोडायचाय. पवनला मी सांगितलंय, नारळ दत्तोबा भाऊ फोडतील, त्यांच्या अर्जावर हा पूल आलाय, एकोणीस वर्षं उशिरानं. तो बरं म्हणला. का ते त्याला अजून सांगितलेलं न्हाई. ते मी त्या दिवशी सगळ्यांपुढं उभी राहून बोलणार हाय. तुमी आलात तर तुमच्यासमोर, न्हाई आलात तरी बोलणार. पोरं माझी चेष्टा करतील. करू देत. माझी उरलीत किती वर्षं.

भाऊ रागावले तर रागावू देत, बोलले तर ऐकून घेईन. फक्त मी आदरातिथ्य केलं असं म्हणून मला सोडू नका. ओंडके टाकले ते आदरातिथ्य होतं. "काय ठाऊक" म्हणलं ते न्हवतं.

करवंदाच्या जाळ्या अजून तितंच हाएत, खडकाच्या अंगाला. ह्या उन्हाळ्यात लय लागलीती. मी एकटी गेलते. पाटी अर्धीच भरली आणि परत आले, पुढं कुणी नसल्यावर पाय उचलत न्हाई.

साकव व्हायला होळी येईल. दसऱ्याला ओढ्यात पाणी असंलच. तू पलीकडच्या काठाला येऊन नुसती उभी राहा. मी येते पाण्यातनं तुला न्यायला. गाठ तूच मार.

आणि न्हाई आलीस, तरी एक कर. एका कागदावर लिहून पाठव, तुला तवा कळलं होतं का न्हाई. एक ओळ पुरे. व्हय, हे खरं हाय, एवढं जरी आलं तरी मी ते देवघरात त्या दुसऱ्या कागदाशेजारी ठेवीन.

तुझी,
स्थानिक ग्रामस्थ,
नंदा