मशीनला खिडकीची जागा

तीर्थरूप बाबा, नमस्कार.

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. सोमवारी आमची एसटी दुसरबीडला बंद पडली.
२. दुसरी गाडी आली, तिच्या दाराशी झुंबड उडाली. जमीन मोजणीच्या यंत्राची पेटी सांभाळत मी मागे राहिले.
३. चांदबी नावाच्या अनोळखी बाईंनी खिडकीतून रुमाल आणि पिशवी टाकून दोन जागा धरल्या. दुसरी माझ्यासाठी.
४. उजेड असतानाच मी डोणगावला खोलीवर पोचले.

खिडकीपाशी मात्र त्यांनी पेटी ठेवायला लावली; आम्ही दोघी उरलेल्या एका जागेत दाटीने बसलो. "मशीनले हवा लागू दे, माय." एकाने ती उचलायला सांगितली, तर म्हणाल्या, "सरकारी हाये ते. तू राह्य उभा!" मी आभार मानले, तर माझ्यावरच चिडल्या. "थँक्यू काऊन म्हनतं? जागा धरली, जमीन नाई देली!"

तुम्ही लिहून पाठवलेला बदलीचा अर्ज मिळाला. मी सही करणार नाही. 'परक्या माणसांत मुलगी एकटी' असं तुम्ही त्यात लिहिलंत. अकरावीत मी आपल्या गल्लीत सायकलवरून पडले, तेव्हा चार ओळखीची माणसं ओट्यावरून बघत होती. उचललं भंगारवाल्याने. त्याचं नाव आपण विचारलंही नाही.

खोलीच्या दाराला नवी कडी बसवून घेतली आहे. जुनी सैल होती, इतकंच. आईचा गुडघा कसा आहे?

पंधरा तारखेला तुम्ही आमच्या साहेबांना भेटणार आहात, असं आई फोनवर म्हणाली. जाऊ नका. जाणार नाही, एवढं बारा तारखेपर्यंत लिहून कळवा.

तुमची,
भार्गवी