तिला चष्मा नाही

३ फेब्रुवारी

ती. आईस,

साष्टांग नमस्कार लिहिला की परक्याचं पत्र आल्यासारखं वाटतं, असं तू मागे म्हणालीस, म्हणून नुसता नमस्कार. मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं. खोकला गेला. पत्र आधी कच्चं लिहून मग पक्कं करतो, हे तुला माहीत आहे, तेव्हा उशिराबद्दल रागावू नकोस.

नोकरी कायम झाली. दारावर पाटीसुद्धा लागली, 'तंत्रसेवा व्यवस्थापक'. फक्त रंगाऱ्याने 'व्य'ला एक काना जास्त दिला आहे, त्यामुळे मी 'व्यावस्थापक' झालो आहे. आठवीत शाळा सुटलेल्याने पाटीतली चूक काढायची म्हणजे लहान तोंडी मोठा घास, म्हणून गप्प बसलो आहे. पण रोज आत शिरताना तो काना डोक्याला लागतो.

काम काय, असं तू विचारलंस. अंध वाचकांसाठी ग्रंथालयं असतात. आमचं त्यातलं मोठं, बाकीची आमच्या आधाराने चालतात. पुस्तक मोठ्याने वाचणारी यंत्रं, ब्रेलचे ठिपके उठवणारी छापयंत्रं, जे जे वायरीवर चालतं ते सगळं माझ्या गळ्यात. कुठेही काही बिघडलं की फोन मला. फोन वाजला की पळून जावंसं वाटतं. तरी उचलतो.

गेल्या आठवड्यात तर मीच घोळ घातला. आपल्या भाषेत दोन ज आहेत हे यंत्राला कळत नाही. 'सारं जग' यातला ज वेगळा आणि 'म्हातारा पुष्कळ जगला' यातला वेगळा. यंत्र 'जगला' चुकीचं म्हणायचं, ते मला सहन होईना. म्हणून मी त्याला एक नियम शिकवला. झालं भलतंच. सगळ्या ग्रंथालयांतली यंत्रं 'जग' हा शब्दसुद्धा 'जगला'सारखा म्हणायला लागली. सकाळी एका निवृत्त पोस्टमास्तरांचा फोन. "अहो व्यवस्थापक, तुमचं यंत्र साऱ्या जगाला जगायला लावतंय. माझी काही हरकत नाही हो, पण हे भूगोलाचं पुस्तक आहे."

नोकरी गेली असंच वाटलं. आमच्या ब्रेल विभागात एक तपासनीस आहे. छापलेलं प्रत्येक पान बाहेर जाण्याआधी तिच्या हाताखालून जातं. ती वर आली आणि म्हणाली, "तो नियम काढून टाका. यंत्र चुकलं तरी ऐकणाऱ्याचे कान दुरुस्त करून घेतात. बोबडं मूल काय म्हणतंय ते घरच्यांना कळतंच की." नियम काढला. दुपारपर्यंत फोन थांबले.

तिचं शुद्धलेखन माझ्याहून पक्कं आहे. असं मी कुणाबद्दल पहिल्यांदाच लिहितोय.

गुडघ्याला तेल लावत जा. आळस करू नकोस.

तुझा मुलगा


२२ फेब्रुवारी

ती. आईस नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मी एवढं लांबलचक लिहिलं आणि तुला विचारावंसं वाटलं ते त्या तपासनीस मुलीबद्दलच. तुझं नाक फार तीक्ष्ण आहे.

विचारलंस तेवढं सांगतो. वयाने ती माझ्याहून किंचित मोठी आहे आणि त्याचा पुरेपूर फायदा घेते. रंग माझ्यासारखा. स्वभाव तिखट. घरी आई-वडील. दोन बस बदलून कामावर येते आणि माझ्या आधी हजर असते. 'इतकं बारीक काम म्हणजे चष्मा असेलच' असं तू लिहिलंस. चष्मा नाही.

ती मला ब्रेल शिकवते आहे. आपण 'कि' लिहितो तेव्हा वेलांटी आधी दिसते आणि क मागून. ब्रेलमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर, जशी तोंडातून निघते तशी. मी जन्मभर ऱ्हस्व-दीर्घाचा टेंभा मिरवला, पण वेलांटी रांग मोडून पुढे घुसते, हे कधी ध्यानात आलं नव्हतं. माझी बोटं अजून मठ्ठ आहेत. ती म्हणते, "डोळे मिटा. ते मध्येमध्ये लुडबुड करतात."

रविवारी तिच्याकडे चहाला गेलो होतो. आम्ही बसलो आणि दिवे गेले. वडील बॅटरी शोधायला उठले ते स्टुलावर आपटले. आई "काडेपेटी कुणी हलवली" म्हणून सगळ्यांवर डाफरत होती. तेवढ्यात हिने चहा गाळून कप माझ्या हातात दिला. थेंबही सांडला नाही. वडील अंधारातून म्हणाले, "जावईबापू, स्टूल होतं तिथे आता मी आहे, जपून." लग्नाचं तर अजून कुणी काही बोललेलं नव्हतं.

तेव्हा तू फोटो पाठवलेल्या मुलीला नकार कळव. शब्द नीट वापर. तिची काही चूक नाही.

शेवटी तू लिहिलंस, 'सून कशीही चालेल, फक्त धडधाकट असू दे. तुझ्या बाबांचं केलं त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण पुन्हा कुणाचा हात धरून न्यायची ताकद माझ्यात उरलेली नाही.' वाचलं. परत वाचलं. बाबांचे डोळे गेले त्या वर्षी माझी शाळा सुटली. तेव्हापासून ते जाईपर्यंत तू त्यांना एक पाऊल एकट्याने टाकू दिलं नाहीस. मी घरातच होतो, सगळं बघितलंय. यावर आत्ता काही लिहीत नाही.

हवा बदलते आहे. सांभाळ.

तुझा मुलगा


११ मार्च

ती. आईस,

आधी एक वाक्य लिहून टाकतो, नाहीतर हे पत्रही हवापाण्यातच संपेल. ती अंध आहे. जन्मापासून.

चष्मा नाही, हे खरं होतं. खरं लिहूनच मी तुला फसवलं. दिवे गेल्यावर चहा कसा गाळला, हेही तुला आता कळलं असेल. आणि यंत्राच्या त्या घोळात ती म्हणाली होती, "आमचे कान दुरुस्त करून घेतात." पत्र पक्कं करताना मी 'आमचे' खोडलं आणि वर 'ऐकणाऱ्याचे' लिहिलं.

हे तिनेच पकडलं. "आईंना माझ्याबद्दल काय लिहिलंस?" असं विचारलं. मी कच्चे कागद काढून वाचून दाखवले. त्या शब्दाशी तिने मला थांबवलं. "मी असं नव्हते म्हणाले." मी खोडलेला शब्द वाचून दाखवला. "म्हणजे आईंना माहीतच नाही." चष्म्याचं वाक्य ऐकून मात्र खूप हसली. "नाही कसा? उन्हाचा आहे की माझ्याकडे. तो तरी लिहायचास." मग हसणं थांबलं. "दोन पत्रं गेली, पण मी काही तुझ्या घरी पोचले नाही."

तुझ्याकडून 'नको' आलं तर ते ती ऐकून घेईल, असं म्हणाली. पण तुला न सांगता मिळवलेलं 'हो' तिला नको आहे. तुला कळेपर्यंत ती माझ्याशी लग्नाबद्दल एक शब्द बोलणार नाही. शेंगदाण्याएवढी मुलगी, पण मुळीच हलत नाही. मी पुष्कळ गयावया केली.

इथे थांबता आलं असतं. पण तिने पुढे बाबांबद्दल विचारलं. "डोळे गेल्यावर दिवसभर काय करायचे?" खिडकीपाशी खुर्चीत बसायचे, म्हणालो. "आणि?" मी आठवून पाहिलं. बसायचे. "पाणी प्यायला उठायचे?" मी म्हणालो, आई द्यायची ना हातात.

त्यावर तिने माझ्यापुढे ब्रेलचं पान सरकवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

आई, आमच्याकडे एक निवृत्त ड्रायव्हर येतात. बाबांच्याच वयाचे, डोळे उतारवयात गेलेले. बायको हात धरून आणते, खुर्ची ओढून बसवते, यंत्राचं बटणसुद्धा तीच दाबते. परवा मी ती बटणं त्यांच्या बोटांना शिकवली. गोल ते सुरू, खरखरीत ते मागे. त्यांनी गोष्ट स्वतः मागे नेली, ऐकली, पुन्हा मागे नेली. बायको काही सांगायला गेली तर म्हणाले, "थांब गं, इथे खून झालाय." ती बाजूला उभी राहिली. हात रिकामे, त्यांचं काय करावं हे तिला सुचेना. पिशवीचे बंद गुंडाळले, सोडले. मग माझ्या टेबलावरच्या वायरी सरळ करत बसली. मला तुझे हात दिसले.

आपण बाबांना उठू दिलं नाही. आपण म्हणतोय मी, तू नाही. मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो तेव्हा तू लांबून मान हलवायचीस, की मी ती बातमी गाळायचो. पुढे पुढे तुझी मान बघायची गरजही उरली नाही. त्यांचा कारखाना बंद पडल्याची बातमी मी एकट्याने गाळली. एकदा ते म्हणाले, "हल्ली पेपर लवकर संपतो." तू आत होतीस. तुला हे सांगितलं नव्हतं.

तू जिवापाड केलंस. त्यातलं कणभरही कमी करायला मी हे लिहीत नाही. डोळे गेलेला माणूस पुस्तक वाचतो, बस बदलतो, भांडतो, हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं? ही नोकरी लागली तेव्हा पहिले काही दिवस मी वाचकांसाठी दारं उघडत धावायचो. ते माझ्यावर आपटायचे.

हिचा हात तुला धरावा लागणार नाही. रस्ता ओलांडताना तीच माझा दंड धरते, आणि तेही मी घाबरतो म्हणून, असं तिचं म्हणणं. आली तर घर एकदा हाताने बघून घेईल. नंतर वस्तू जागच्या हलवू नकोस. तिच्याशी मोठ्याने बोलू नकोस, तिला आपल्याहून चांगलं ऐकू येतं. स्वयंपाकघरात तुझं आणि तिचं वाजेल, कारण ती मीठ चाखल्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.

तरीही तू 'नको' म्हणू शकतेस. तू काय उपसलंस ते मी पाहिलं आहे. त्यामुळे 'नको' आलं, तरी मी तुला दगड म्हणणार नाही.

तिला एक विचारायचं आहे, आणि मला उत्तर देता आलं नाही. डोळे गेल्यावर बाबांना काय आवडायचं? कशाने हसायचे? माझं सगळं लक्ष काय सांगायचं नाही याकडे होतं, हे बघायचं राहूनच गेलं. रात्रंदिवस तू त्यांच्याजवळ होतीस. तुला माहीत असेल. तेवढं तिला लिही. पत्राच्या शेवटी लग्नाला 'नको' लिहायचं असलं, तरी आधी ते लिही.

हाताचं अक्षर यंत्राला लागत नाही, म्हणून तुझं पत्र मीच तिला वाचून दाखवीन. तू लिहिशील तसंच. तू मान हलवलेली इथून मला दिसणार नाही.

उत्तराला भिऊन, तरी वाट बघणारा,
तुझा मुलगा