शिपाई काढलेली बरणी

१६ जून
सकाळी सेलूला उतरलो, तिथून बसनं वालूर. हैदराबादहून आठ दिवसाची सुट्टी. कारण वाळवी. विहारातल्या पुस्तकाच्या कपाटाला लागली. आबा विहाराचं बघतात, त्यांचाच फोन, "कंपनीत वाळवीच मारतो ना रे? मग आपलीच का सोडली?" औषध, फवारा, ड्रिल सगळं घेऊन आलो.
घरी माय आन बहीण सुजी. माय म्हणली, वाळलास. सुजी शेळीची धार काढायलती, नुसती मान हलवली. बारावी सायन्स पास झाली. मी फोनवर शाब्बास म्हणलो होतो, तेवढंच.

१७ जून
कपाटाचा खालचा कप्पा पोकळ. पुस्तकं बाहेरून नीट, उचलली की आत माती.
फवारा भरणार तेवढ्यात सुजी आली, लोणच्याची रिकामी बरणी घेऊन.
"दादा, औषधाआधी मला पन्नास दे."
"वाळवी मागायलीस? लोक तर फुकटबी नेत न्हाईत."
तिच्या कॉलेजच्या मॅडमनी सांगितलंय, करून बघ. कोंबडीच्या पिसानं एकेक उचलली. पिवळ्या मोठ्या डोक्याचे शिपाई वेगळे काढले. बरणीत नुसत्या कामकरी, ओली माती, कपाटाचंच लाकूड.
शिपाई का काढले विचारलं. "थांब की. कळल."

१९ जून
विहारात भिंतीकडेला भोकं पाडली, औषध सोडलं. सुजी पायरीवर बसून सांगायली, अंड्यावरून कळत न्हाई कोण काय हुईल. बहुतेक पिल्लं सारखीच. पुढं कुणाला काय भरवलं, कुणाचा वास लागला, त्यावर. शिपाई भरपूर असले की त्यांच्या वासानं बाकीचे शिपाई व्हायचे थांबतात. कमी पडले की कामकऱ्यातल्याच कुणाचं तरी अंग बदलतं.
आबा ऐकायलते. "अंडी सारखीच ना? मग लिव इथं भिंतीवर, मोठ्या अक्षरात."
चार वर्षं झाली वाळवी मारायलोय. हे कुणी सांगितलं न्हाई. आमचा सुपरवायझर एवढंच म्हणतो, रानी तक पहुँचो मियाँ.

२१ जून
चूक झाली. औषधाचे हात नीट न धुता बरणी उघडली. लाकूड उचलून बघितलं. आज निम्म्याच्या वर मेलेल्या. एकवीस उरल्या.
सुजी रडली न्हाई, ओरडली न्हाई. "हात धुवत जा की रे दादा." मेलेल्या वेचत बसली.
आधी अशी नव्हती. लहानपणी लय बडबडी. माय म्हणायची, हिला झाकण लावा कुणीतरी.

२३ जून
शेळी मला जवळ येऊ देईना. लाथेनं तांब्या पाडला. माय हसली, "तिला सुजीचाच हात लागतो आता. तू गेल्यावर कोण काढणार व्हतं?"
खरं हाय. आधी धार मीच काढायचो. दळण, रेशन, रानातलं पाणी, सगळं माझ्याकडं. विसरूनच गेलतो. आठवीनंतर शाळा सुटली, गावात जीव लागेना, एक दिवस निघालोच. मायचे गुडघे तवाच धरायलते. सुजी तेव्हा शाळेत. हैदराबादला पोरं विचारायची घरी कोण बघतं, मी म्हणायचो बहीण हाय, तिला घरातलंच आवडतं.
आवडतं का, कधी विचारलं न्हाई.
उद्या गाडी.

२४ जून
गेलो न्हाई. बॅग भरताना पेन शोधायलतो, सुजीच्या वहीत फॉर्म सापडला. परभणीचं कॉलेज, बीएस्सी, हॉस्टेलसहित. सगळा भरलेला. मायच्या सहीची जागा कोरी. द्यायची शेवटची तारीख ८ जुलै.
"जायचंय का तुला?"
"असंच भरला."
"सुजे."
"मायचं कोण बघल? मला तू नको सांगू दादा. तू एकदा गेलास ना."
भरलेली बॅग खुंटीला टांगली.

२९ जून
सुपरवायझरचा फोन. कब आता? म्हणलो, घरमे थोडा काम है. कोणतं काम, ते मलाच…
बरणीत काही नवं न्हाई. एकवीसच. लाकूड खायल्यात.

४ जुलै
"दादा! ये, ये, ये! लवकर!" किती वर्षांनी असा आवाज तिचा.
एक कामकरी पांढरी झाली. दुधासारखी. डोकं लांबलेलं, जबडे मऊ. सुजी म्हणली, अजून एकदा कात टाकल आन शिपाई हुईल.
"मग परत कामकरी?"
"न्हाई. शिपाई झाला की झाला. त्याला लाकूड खाताबी येत न्हाई, बाकीच्यांनी तोंडात भरवायचं."
माय चुलीपासून माझ्याकडं बोट करून, "म्हंजे आपला इशाल!"
सुजी पोट धरून हसली. मीबी हसलो, पण.
त्या कामकरीला कुणी ढकललं न्हाई. शिपाई काढले, जागा पडली, ती सरकली. त्या पांढरीकडं बघत बसलो आन डोळ्यापुढं तांब्या घेऊन बसलेली सुजी. जागा कुणी पाडली ते मला ठाऊक हाय.
पण सुजी वाळवी न्हाई. तिनं फॉर्म भरून ठेवलाय.

७ जुलै
काल रात्री मायपुढं फॉर्म ठेवला. माय म्हणली, "आन तू?" मी म्हणलो, आधी सही कर. केली. हळू, एकेक अक्षर.
आज सुजीला घेऊन एसटीनं परभणी, फॉर्म दिला. परतताना बसमध्ये सुपरवायझरचा फोन. "तेरी मशीन दूसरे कू दे दिया मियाँ. नांदेडका लड़का है. हाथ अच्छा है उसका. तू आ, देखेंगे."
राग आला. मग हसू. सुजीनं विचारलं काय झालं. म्हणलो, बरणी. तिकडंबी दुसरा शिपाई झाला.
तिला लगेच कळलं. हसली न्हाई मात्र.

१० जुलै
यादीत नाव लागलं. सोमवारी जायचं.
सुजी मला शिकवायली. शेळीला आधी कानामागं खाजवायचं. मायची गोळी जेवणानंतर, नसता ती विसरते. ऐकून घेतो. राहतो असं म्हणलो न्हाई. जातो असंबी न्हाई. सेलूची बस गेली की पाय वळवळतात, काय करू.

१३ जुलै
सुजी गेली. बसच्या खिडकीतून, "झाकण उघडताना हात धू!"
बरणीतल्या पांढरीनं कात टाकली. डोकं पिवळं, जबडे काळे. दोघी तिघी तिला भरवायल्या.
संध्याकाळी धार काढली. कानामागं खाजवलं, लाथ मारली न्हाई. अर्धा ग्लास. माय म्हणली, चहापुरतं झालं.
बॅग खुंटीला भरलेलीच हाय. घालायला एक सदरा काढला. बाकीचे आतच हायत.